गरीब वासाचा रंग

मामांचा दमा मामीच्या फोडणीने वाढला नव्हता, हे मला माहीत होतं. अगदी पहिल्या दिवसापासून माहीत होतं असं म्हणणं खोटं ठरेल, पण ज्या दिवशी सांगून उपयोग झाला असता त्या दिवशी तरी नक्की माहीत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आई शेवटची पडून होती तेव्हाही नाही. मामीला तर नाहीच. या पुस्तकात मी वैरागच्या शाळेबद्दल लिहिलं, वडिलांच्या किराणा दुकानाबद्दल लिहिलं, कॉलेजातल्या गमतीही लिहिल्या, आणि हे प्रकरण दर वेळी मागे सारत गेलो. आता सारायला जागा उरलेली नाही.

बी.एस्सी.ला सोलापूरला आलो तेव्हा वडिलांनी माझी वळकटी मामांच्या दारात ठेवली आणि चहा घेऊन परतीची एसटी पकडली. तेवढ्यावर माझी पाच वर्षांची सोय झाली. मामांचं घर अक्कलकोट रोडला, म्हणजे पुढे पत्र्याची मोठी शेड आणि तिच्या पाठीला चिकटून दोन खोल्या. शेडमध्ये ट्रक, ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या रंगवायला यायच्या. डाव्या अंगाला एका तेलुगू कुटुंबाचा यंत्रमागाचा कारखाना होता, त्याची खटखट सकाळी सुरू व्हायची ती थांबली की कान बधिर झाल्यासारखे वाटायचे. मधेच मामांचा कॉम्प्रेसर घरघरायचा, हवा भरली की फुस्स करून गप्प व्हायचा. आणि या सगळ्यात मागच्या खोलीतून मामीच्या भाकरी थापण्याचा आवाज. परीक्षेचा अभ्यास मी या तीन आवाजांत केला. पुढे पुण्यात शांत खोली मिळाली तेव्हा मला एक पान धड वाचता येईना.

मामांना मूलबाळ नव्हतं. त्याचा विषय घरात निघत नसे. मी आल्यावर मामीने भाकरीची परात बदलून मोठी घेतली, एवढंच मला आठवतं. तिच्या हातची ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ, चुलीच्या कडेला टेकवून कडक केलेली. उखळात कुटलेली शेंगाची चटणी, तेल सुटेपर्यंत कुटायची. आणि संध्याकाळी येसरची आमटी, भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची. त्या आमटीला ती वरून फोडणी द्यायची, पळीत तेल कडकडीत तापवून, त्यात लसूण, मोहरी, मिरची. ती पळी आमटीत बुडाली की जो चर्र आवाज आणि जो ठसका उठायचा तो थेट शेडपर्यंत पोचायचा. मग तिकडे याकूबभाई हातातला पॉलिश पेपर खाली ठेवायचे. याकूबभाई मामांकडे पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी भरायचं आणि घासायचं काम करत. मामांहून दहा वर्षांनी लहान, पण जिभेला धार जास्त. "उस्ताद, भाभी का भोंगा बज्या," म्हणायचे, आणि कामाचा दिवस संपायचा. शहरातल्या गिरण्यांचे भोंगे तेव्हा एकेक करून बंद पडत होते. आमचा चालू होता.

मामांच्या हाताबद्दल लिहायला हवं, आणि नाकाबद्दलही. हात असा की ट्रॉलीच्या कडेला पिवळी रेघ ओढायचे ती पट्टी न लावता, एका श्वासात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि नाक असं की थिनरचा डबा नुसता उघडून बाजूला धरायचे आणि सांगायचे, यात रॉकेल घातलंय. एकदा दुकानदाराला अख्खा ड्रम परत नेऊन दिला. दुकानदार शपथा घेत होता, मामा म्हणाले, "शपथ तू घे, वास मी घेतलाय की." तो ड्रम परत गेला. रंग चांगला का वाईट, अंगाला बाधणारा का सोसणारा, हे सगळं ते नाकाने ठरवत. जुना रंग आणि थिनर उग्र, डोळ्यातून पाणी काढणारे. मामा त्यांना भांडकुदळ म्हणायचे. भांडकुदळ माणूस आधी ओरडतो, मग मारतो, तेव्हा आपल्याला बाजूला व्हायला वेळ मिळतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांची काळजी घेण्याची रीतही त्यातूनच आलेली: तोंडाला ओला रुमाल बांधायचा, आणि रंग फवारायची गन खाली ठेवल्यावर गुळाचा खडा खायचा. गुळाने छातीतला रंग खाली उतरतो. शहरातले सगळे रंगारी हेच करत. मामीने शेडच्या कोनाड्यात गुळाचा डबा ठेवलेला असायचा, मुंग्या लागू नयेत म्हणून पाण्याच्या ताटलीत.

पदवी मिळाल्यावर एका रंग कंपनीच्या सोलापुरातल्या डेपोत मी लागलो. कायम नव्हे. रंगाऱ्यांच्या शेडमध्ये जाऊन नवा माल दाखवायचा, कसा वापरायचा ते शिकवायचं, असं काम. नवा माल म्हणजे दोन डब्यांचा रंग. आज तो कुठल्याही गॅरेजात दिसतो, पण तेव्हा आमच्याकडे तो नवलाचा होता. मामांना तो मी जेवताना समजावला. जुना रंग सुकतो कारण थिनर उडून जातं. यात एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र केले की त्यांचे कण एकमेकांचे हात धरतात आणि जाळं विणतात, मग ते पेट्रोलनेही सुटत नाही, उन्हानेही फिकं पडत नाही. मामांनी घास थांबवून ऐकलं. "म्हंजे लगीनच की," म्हणाले. "एकदा लागलं की सुटत न्हाय." मामी म्हणाली, सुटत नसतंय म्हणून तर आमी हाय हितं. त्यावर सगळे हसलो. मामा मला त्या दिवसापासून 'आमचं शायंटिस' म्हणायला लागले. शेडमध्ये येणाऱ्या ट्रकवाल्यांना सांगायचे, ह्यो आमचा भाचा, ह्यो रंगाच्या पोटात काय हाय ते वळखतो.

डेपोच्या साहेबांनी मला त्या रंगाचं सुरक्षेचं पत्रक दिलं होतं. इंग्रजी, बारीक अक्षरातली चार-पाच पानं. त्याचं एका पानाचं मराठी करा, म्हणाले, आणि घाबरवू नका, वापरायला शिकवा. सोलापुरात एक नावाजलेली शेड या रंगावर आली की बाकीच्या आपोआप येतील, हे त्यांचं गणित होतं, आणि नावाजलेली शेड कुठली हे मीच त्यांना सांगितलं होतं. अकलूजच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याची नवी बस मामांकडे यायची होती. ती बस दोन डब्यांच्या रंगात निघाली तर तुमचं कायम होण्याचं बघतो, असं साहेबांचं वाक्य. धमकी नव्हती, लालूचही म्हणता येणार नाही. मी ती वाक्यं नंतर पुष्कळदा उलटसुलट करून पाहिली आहेत, त्यांच्यावर ढकलता येतं का म्हणून. येत नाही.

बस आली त्या दिवशी सकाळी मामांनी हार्डनरचा डबा उघडला आणि नेहमीसारखा बाजूला धरून वास घेतला. परत घेतला. कपाळाला आठ्या. मग याकूबभाईंच्या नाकापुढे धरला. "वासच न्हाय की याला," म्हणाले. थिनरला होता, पण तोही गोडसर, गवतात पिकत घातलेल्या केळ्यांसारखा. मामांचा चेहरा सैल झाला. "ह्यो रंग गरीब हाय रं. लई गरीब हाय."

मी तेव्हा तिथे होतो. माझ्या हातात ते पत्रक होतं.

मी मराठीत लिहून आणलेला एक पानी कागद पुढे केला तर मामांनी तो बाजूला ठेवला. "तुझं मराठी ऱ्हाऊ दे. ती इंग्रजीच वाच. तितं खरं लिवलेलं असतंय." हे ते थट्टेने नव्हे, मानाने म्हणाले. इंग्रजी वाचणारं माणूस त्यांच्या घरात मीच पहिलं. बसच्या पायरीवर बसले, याकूबभाई जमिनीवर उकिडवे, आणि मी उभा राहून वाचायला लागलो. एक ओळ इंग्रजी, मग तिचं मराठी. डबा किती तापमानाला ठेवावा. आगीपासून लांब. डोळ्यात गेल्यास पाण्याने धुवावं. दोघेही मान हलवत होते. तिसऱ्या पानाच्या खालच्या अंगाला तो मजकूर होता, चौकट करून, जाड अक्षरात. आज तो मला तोंडपाठ आहे. फवारणी करताना बाहेरून शुद्ध हवा आणणारा मुखवटाच वापरावा, कापड किंवा साधा मास्क चालणार नाही. वासावरून धोका कळत नाही. या रंगाने एकदा श्वास लागला, छाती भरली, तर त्या माणसाने त्याच्याजवळ पुन्हा कधीही जाऊ नये.

तसा मुखवटा तेव्हा सोलापुरात मिळत नव्हता. मुंबईहून मागवावा लागला असता, आणि मागवला असता तरी आला कधी असता कोण जाणे. हे मला ठाऊक होतं. आणि हेही ठाऊक होतं की ती चौकट वाचली तर मामा उठतील, डब्याचं झाकण लावतील आणि म्हणतील, ने परत. रॉकेलचा ड्रम परत करणारा माणूस तो. मी पान उलटलं. सांडल्यास वाळू टाकावी, इथून पुढे वाचलं आणि थांबलो.

याकूबभाई माझ्या हातातल्या कागदांकडे बघत होते. "कागद इत्ता लंबा, हौर तू इत्ताच पढ्या?" म्हणाले.

"बाकीचं आग विझवणाऱ्यांसाठी आहे," मी म्हणालो.

"मग ठीक हाय," मामा म्हणाले, आणि रुमाल भिजवायला उठले.

त्या दिवशी मी त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली. हा रंग हळू सुकतो, तोवर धूळ बसली की चकाकी जाते, म्हणून जमिनीवर पाणी मारायचं आणि शटर खाली ओढून घ्यायचं. जुन्या रंगाला मामा शटर सताड उघडं ठेवून काम करत, वारा खेळता. त्या दिवसापासून ते बंद झालं. पत्रक न वाचण्याबद्दल मी स्वतःला निदान भित्रा म्हणू शकतो. शटर मात्र मी माझ्या हाताने ओढलं.

बस अशी निघाली की शेजारच्या कारखान्यातली माणसं माग थांबवून बघायला आली. गडद निळा रंग, आणि त्यात समोरचं अख्खं आकाश. मामांनी खिशातून कंगवा काढला आणि बसच्या अंगात बघून भांग पाडला. याकूबभाई म्हणाले, अब भाभी को आरसे की जरूरत नक्को. ट्रॅव्हल्सवाल्याने मामांना फेटा बांधला. महिन्याभरात मी डेपोत कायम झालो, आणि मामीने शेंगापोळ्या केल्या. एवढ्या वर्षांत मी शेंगापोळी पुष्कळदा खाल्ली. चव लागत नाही.

खोकला सुरू झाला तो दोनेक महिन्यांनी, आणि तो शेडमध्ये नव्हे, घरात. इथेच सगळ्यांचा घोळ झाला, माझा सोडून. मामा सकाळी गन मारायचे, दुपारपर्यंत ठीक असायचे, गूळ खायचे, भाकरी खायचे. संध्याकाळी मामी पळी तापवायला लागली की त्यांना ठसका लागायचा, आणि तो थांबायचा नाही. भिंतीला हात टेकून उभे राहायचे, मानेच्या शिरा फुगायच्या, श्वास आत जाताना शिट्टीसारखा आवाज यायचा. मामी पळी टाकून धावायची, पाठ चोळायची. तिने जे पाहिलं त्यावरून तिने ठरवलं. मोहरी तडतडली की यांचा श्वास अडकतो. रोज तेच, त्याच वेळी. दुसरं कुणी असतं तरी हेच ठरवलं असतं. ती आधी मिरची कमी करू लागली. मग चूल मागच्या अंगणात, मोरीच्या कडेला मांडली आणि उन्हात, वाऱ्यात तिथे बसून रांधायला लागली. तरी खोकला राहिला, तेव्हा तिने फोडणी देणंच सोडलं. येसर पाण्यात नुसती उकळायची आणि वरून कच्चं तेल सोडायची. मामा म्हणायचे, काय गं, आजाऱ्याला घातल्यावानी जेवण. ती म्हणायची, मग आजारीच हाय की तुमी. माझ्या ताटात तेच वाढायची, आणि वर म्हणायची, तुला बाहेर कुटं खायचं असलं तर खाऊन ये, माझ्यामुळं उपाशी ऱ्हाऊ नको.

हे असं का होतं ते आज मी प्रशिक्षणात फळ्यावर काढून दाखवतो. हार्डनरचे कण जसे रंगाचे हात धरतात तसेच ते छातीतल्या ओल्या अस्तराचे धरतात. त्याचा परिणाम तिथल्या तिथे दिसतोच असं नाही, पुष्कळदा कित्येक तासांनी दिसतो. आणि एकदा छाती अशी दुखावली की मग तिला धूर, धूळ, मिरची काहीही पुरतं. फोडणीने ठसका लागत होता हे खरंच होतं. फोडणी निमित्त होती. त्या शेडमध्ये आणि त्या घरात मिळून हे समजू शकणारा माणूस एकच होता, आणि तो रोज संध्याकाळी बिनफोडणीची आमटी मुकाट्याने ओरपत होता. तेव्हा मला खरोखर उमगलं नव्हतं, अशी सवलत मी काही वर्षं स्वतःला दिली. पण वैरागच्या लग्नानंतरची सवलत मला देता येत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न. मामांशिवाय मुलीचं लग्न लागत नाही, म्हणून मामा-मामी आठ दिवस आधी वैरागला आले. शेड बंद, याकूबभाईंनाही सुट्टी. तिसऱ्या दिवसापासून मामांचा खोकला कमी झाला. पाचव्या दिवशी ते मांडवाचे बांबू स्वतः उचलत होते. लग्नाच्या सकाळी दारात मोठ्या कढया चढल्या, आचाऱ्याने आमटीला परातभर मिरची आणि लसणाची फोडणी दिली, आणि तिच्या धुराने अख्खी आळी शिंकायला लागली. माझे वडील शिंकत पळाले. मामा त्या कढईच्या तोंडाशी उभे होते. पळीने आमटी हातावर घेऊन चाटत आचाऱ्याला सांगत होते, मीठ कमी हाय, येसर आणखी टाक. एकदाही ठसकले नाहीत. मंगलाष्टकांना ते बहिणीच्या पाठीशी ताठ उभे राहिले, आणि त्यांचा श्वास मला दोन हातांवरून ऐकू येत नव्हता.

मामीनेही हे पाहिलं. माझ्याजवळ येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर आनंद आणि काहीतरी न कळल्याची लाज. "गावची हवा मानवली त्यास्नी," म्हणाली. "का रं? फोडणी तर हितंबी हाय की." मग माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी शिकलेला होतो.

मी म्हणालो, "हवाच असेल."

यापेक्षा सोपा प्रश्न आणि यापेक्षा योग्य वेळ मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही. पण मला कायम होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं, आणि शहरातल्या आणखी कितीतरी शेड मी त्या रंगावर आणल्या होत्या. एकीकडे सांगितलं असतं तर सगळीकडे सांगावं लागलं असतं.

परत आल्यावर मामांनी उत्साहाने पहिल्याच दिवशी एक टँकर रंगवायला घेतला. संध्याकाळी त्यांचे ओठ निळे पडले. याकूबभाईंनी आणि मी रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. तोंडाला ऑक्सिजन लावला. डॉक्टर तरुण होते, माझ्याहून फार मोठे नव्हेत, आणि काळजीने विचारत होते. विडी ओढतात का. नाही. घरात चूल? मामी मान खाली घालून म्हणाली, माझी फोडणी बाधती त्यास्नी. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं, मग विचारलं, काम काय करतात? रंगारी. कसला रंग मारतात? मामीने माझ्याकडे बोट केलं. "ह्याला इचारा, ह्यो त्यातला शिकलेला हाय."

"ऑइलपेंट," मी म्हणालो. "साधा."

मामांनी हात वर केला. बोलता येत नव्हतं. दोन बोटं उभी करून ती माझ्याकडे, मग डॉक्टरांकडे हलवली. मला कळलं, दोन डबे. परिचारिकेला वाटलं शौचाला लागली, ती भांडं घेऊन आली. मामांनी हात खाली घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं.

घरी आल्यावर ते एकदाच बोलले त्यावर. शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. "डाक्टरला ऑइलपेंट का म्हणलास रं?"

"त्यांना काय कळतंय मामा, रंगातलं."

"व्हय," मामा म्हणाले. "आपल्याला तरी कुटं कळतंय." त्यांनी हे कसं म्हटलं, कळून म्हटलं की न कळून, हे मी आजही सांगू शकत नाही. दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा गन घेऊन उभे होते, शटर खाली. पुन्हा जवळ जाऊ नये असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आणखी दीड वर्ष गेलं. गळीत हंगामाच्या आधी ट्रॉल्यांची रांग लागते तेव्हा, एका सकाळी, याकूबभाईंनी शटर वर केलं तर मामा ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसलेले होते आणि गन जमिनीवर हवा सोडत होती. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. स्मशानातून परतताना याकूबभाई माझ्याबरोबर चालत होते. "वो कागद हाय क्या रे तेरे पास?" त्यांनी विचारलं. हरवला, मी म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि पुन्हा आमच्या शेडची पायरीही चढले नाहीत. पुढे ते भाजीचा गाडा लावत. मला पाहिलं की वजन करण्यात गुंतून जात. कागद माझ्या कपाटात आहे, तिसरं पान दुमडलेलं.

तेराव्याच्या जेवणाला बायका स्वयंपाक करत होत्या. कुणीतरी डाळीला फोडणी द्यायला पळी तापवली तर मामी उठली, पळी हातातून काढून घेतली आणि पाण्यात बुडवली. सगळ्यांसमोर, अगदी सरळ आवाजात म्हणाली, "माझ्या फोडणीनं खाल्लं त्यास्नी. आता ह्या घरात नको." बायका रडायला लागल्या. मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, मामी, असं काही नसतं. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. भाचा समजूत घालतोय, असं तिला वाटलं.

आता माझ्याबद्दल. मी त्याच धंद्यात राहिलो आणि वर चढलो. मधली काही वर्षं पुण्यात काढली, मग बदली मागून परत आलो. धंदा बदलला, हे मान्य केलं पाहिजे. आता पाण्यात विरघळणारे रंग आहेत, हार्डनरमधले उडणारे कण पूर्वीच्या मानाने पुष्कळ कमी केलेत, आणि ते अजिबात न वापरता तसंच जाळं विणायचे प्रयोग ठिकठिकाणी चालू आहेत. डब्यावर चित्रं असतात, न वाचणाऱ्यालाही कळावं म्हणून. मुखवटे सोलापुरातही मिळतात. माझ्या हाताखालची मुलं मला मागून सेफ्टीकाका म्हणतात. नव्या रंगाच्या मराठी पत्रकात श्वासाची ओळ सर्वांत वर आणि सर्वांत जाड असली पाहिजे यावरून मी वरिष्ठांशी भांडलो आहे, आणि प्रशिक्षणात ती ओळ मी एखाद्या रंगाऱ्याला उठवून मोठ्याने वाचायला लावतो. याबद्दल कंपनीने माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मामी पहिल्या रांगेत बसली होती, नवं लुगडं नेसून.

मामी ऐंशीच्या पुढे आहे. त्याच दोन खोल्यांत राहते, शेड प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या गोदामाला दिली आहे. मी दर रविवारी जातो. ती नुसती उकळलेली आमटी वाढते, कच्चं तेल सोडून, आणि मी खातो. गेल्या उन्हाळ्यात तिच्या खोल्या तव्यासारख्या तापत होत्या म्हणून मी वरच्या स्लॅबला ऊन परतवणारा पांढरा रंग स्वतःच्या हाताने लावला. खाली उतरलो तर ती डबा नाकापासून जरा बाजूला धरून वास घेत बसली होती, अगदी मामांसारखी.

"वास न्हाय ह्याला," म्हणाली. "गरीब हाय. तुझ्या मामांच्या त्या रंगावानी."

मी तिथेच बसलो आणि तिला सांगायला लागलो की हा पाण्याचा रंग आहे, यात दुसरा डबा नसतो, यात हे नसतं आणि ते नसतं, यातलं काही छातीत जात नाही. बराच वेळ बोललो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला कशाला सांगतोस येवढं? मी काय इचारलं?" आणि हात टेकून उठली, भाकरीचं पीठ मळायला. मी अंगणातल्या नळावर हात धुतले. पांढरा रंग होता, साध्या पाण्याने निघाला.

मी मामीला त्या तिसऱ्या पानावरच्या तीन ओळी देणं लागतो, मराठीत, पूर्ण, पान न उलटता. आणि त्यांच्या पाठोपाठ चौथी, जी कुठल्याच पत्रकात नाही: तुझ्या फोडणीने नाही, मामी, मी वाचलं नाही म्हणून. हे प्रकरण मी लिहिलं आहे, पण तिला वाचता येत नाही. रविवारी मीच तिला वाचून दाखवायचं आहे. आजवर दाखवलेलं नाही.